रॉकेल आणि झेंडू

घटस्थापना जवळ आली की मला अजून रॉकेलचा वास येतो. घरात रॉकेल येणं बंद होऊन जमाना झाला. स्टोव्ह भंगारात गेला, रेशनकार्ड कुठल्या कपाटात आहे ते सुमनलाच ठाऊक. तरीही आश्विनातलं ते घामट ऊन गॅलरीत पसरलं आणि खाली फुलवालीच्या टोपल्यांत झेंडूचे ढीग लागले, की कुठूनसा तो वास येतो. मी उगाचच बोटं नाकाशी नेतो. बोटांना साबणाचा वास असतो.

आमची मुलुंडची कॉलनी तेव्हा तीन मजल्यांची होती. कंपाउंडमध्ये एक बदामाचं झाड आणि त्याच्याखाली एक नळ. पावसाने चार महिने भिंतींना आणलेली ओल त्या दिवसांत सुकायची. कठड्यांवर गोधड्या पडायच्या, जाजमं झटकली जायची, पितळी डबे चिंचेने घासले जायचे. दसऱ्याच्या आधी सगळं घर उघडून आतून-बाहेरून स्वच्छ करायचं, ही आमच्या बायकांची रीत. विक्रोळीच्या ज्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो तिथेही हेच. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची आणि तिच्या आधी दोन-तीन दिवस कामगार लेथ मशिनं रॉकेलने धुऊन काढायचे. वर्षभराचं वंगण, लोखंडाचा कीस, काळा चिकट मळ, सगळं रॉकेलपुढे विरघळून वाहून जायचं. मग त्या लखलखीत लोखंडावर हळदकुंकू आणि झेंडूची माळ. रॉकेल आणि झेंडू हे दोन वास माझ्या नाकात तेव्हापासून एकत्रच बसले आहेत.

दिगू माझ्या बायकोचा मोठा भाऊ. पण त्याच्या आधी तो माझा मित्र. घाटकोपरच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो, त्यामुळे सुमनशी लग्न झाल्यावरही तो मला भावोजी वगैरे म्हणाला नाही. अरुणच म्हणत राहिला. त्याचे वडील गिरणीत होते. दिगू एका शेठकडे ड्रायव्हर. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी त्याला दिली. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर दोनच तऱ्हेच्या गाड्या जास्त दिसत, एक ढेरपोटी मोठी आणि एक चटपटीत छोटी. ही छोटी. रंग मळक्या सायीसारखा, नाक किंचित लांब. दिगूने तिचं नाव बगळी ठेवलं. शेठची नोकरी सोडून तो घाटकोपरच्या मुलांना बगळीतून शाळेत न्यायला-आणायला लागला. लग्नसराईत नवरदेवही बसायचा तिच्यात. दिगू गाडी चालवायचा ते बघण्यासारखं असायचं. स्टिअरिंगवर नुसती बोटं टेकलेली, जणू झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवलाय.

रविवारी तो बगळीला आमच्या नळावर आणायचा. धुणं त्याचं, आणि इंजिन माझं. मी काही इंजिनियर नव्हतो. पण कारखान्यात नकाशे काढतो म्हणजे इंजिनियरच, असं चाळीने ठरवून टाकलं होतं आणि मीही ते कधी खोडून काढलं नव्हतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून गाड्यांवरचे घरगुती उपाय ऐकायचे आणि रविवारी बगळीवर करून बघायचे, हा माझा छंद. प्लग काढून रॉकेलच्या वाटीत भिजत घालायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे, पॉलिशपेपर फिरवायचा. गाडी गरम करून कार्बोरेटरच्या तोंडात पाण्याचा बारीक फवारा मारायचा, म्हणजे आत वाफ होऊन कार्बन सुटतो आणि सायलेन्सरमधून काळा भुगा बाहेर पडतो. हा भुगा पडायला लागला की मला फार आनंद व्हायचा. कुणाच्या तरी कानातला मळ काढल्यावर व्हावा तसा.

"अहो, माझी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली कुठाय?" सुमन वरून ओरडायची.

"तुझी वहिनी पाणी पितेय तिच्यातून," दिगू खालून.

"वहिनी?"

"ही काय, बगळी."

"दादा, त्या वहिनीलाच सांग मग तुझे शर्ट इस्त्री करायला!"

भावाबहिणीचं हे असं चालायचं. दोघांमध्ये सात-आठ वर्षांचं अंतर, वडील लवकर गेलेले, आई गावी कणकवलीकडे. त्यामुळे सुमनला दादा म्हणजे अर्धा बाप होता. भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची तेव्हा तो मुद्दाम पाटावर डोळे मिटून गंभीर बसायचा आणि ती कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाऐवजी नाकावर टेकवायची.

त्या वर्षी नवरात्रातल्या रविवारी मी इंजिनावरचं झाकण उघडलं आणि आत बघून दचकलो. सगळ्या कडांना काळ्या लोण्यासारखा मळ जाड थराने बसला होता. शहरात थांबत-थांबत चालणारी गाडी, स्वस्तातलं तेल, शेठच्या घरी झालेली हयगय. कार्बन म्हणजे तरी काय? पुरतं न जळलेलं. जे धड जळून गेलं नाही ते आत बसून राहतं. तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. तेव्हा मला सुचलं ते एरंडेल.

लहानपणी ऋतू बदलला की आम्हा सगळ्या पोरांना सकाळी ओळीने उभं करून एरंडेल पाजायचे. कुणाचं पोट बिघडलंय का, हा प्रश्नच नसायचा. आत काहीतरी साचलेलं असणारच, ते काढलं पाहिजे, एवढीच श्रद्धा. नाक दाबून घोट घ्यायचा, वर लिंबाची फोड चोखायची, आणि दिवसभर संडासाच्या रांगेत. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात वैद्यकीचं पहिलं सूत्र हेच आहे, की पोट धुतलं की माणूस सुधारतो.

"बगळीला एरंडेल देऊ या," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"जुन्या तेलातच रॉकेल ओतायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आणि मग सगळं खाली सोडायचं. आतला सगळा मळ धुऊन निघतो. कारखान्यात यंत्रं धुतातच की."

"काही होणार नाही ना रे तिला?"

"काय होणार? दसऱ्याला नवी नवरी होईल."

"बघ बाबा. तू इंजिनियर," तो म्हणाला आणि हसला.

रॉकेल मी घरातल्या डब्यातलंच नेलं. इंजिन पातळ, कोरड्या आवाजात चाललं. मग खालचा बोल्ट काढला तेव्हा जे बाहेर आलं ते शाईसारखं काळं होतं. आम्ही दोघं पत्र्याच्या डब्यात वाकून बघत राहिलो. किती घाण निघाली, किती घाण निघाली, म्हणून खूश झालो. मग नवं तेल भरलं, मधाच्या रंगाचं. दसऱ्याला बगळीच्या नाकावर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. दिगूने सगळ्यांना कॉलनीभोवती एक फेरी मारून आणली. इंजिन खरंच हलकं वाजत होतं. सुमन म्हणाली, "दादा, ही तर गुणगुणते आहे."

यंत्र धुणं आणि इंजिन धुणं यात एक फरक आहे आणि तो मला कळायला हवा होता. लेथ बाहेरून धुतलं जातं. सुटलेला मळ जमिनीवर पडतो, दिसतो, झाडून टाकता येतो. इंजिनाच्या आत वर्षानुवर्षं भिंतींना धरून बसलेला मळ रॉकेलने मऊ होतो, पण सगळाच्या सगळा काही बाहेर येत नाही. उरलेला सुटत राहतो. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात. त्यात एक जाळी असते. तिच्यातून तेल वर ओढलं जातं. सुटलेल्या मळाचे तुकडे नव्या तेलाबरोबर वाहत येऊन त्या जाळीवर बसतात. शहरात चार रस्ते फिरताना कळत नाही. लांबच्या चढावर कळतं. खाली तेल भरलेलं असतं आणि वर एक थेंब पोचत नाही.

दसरा होऊन दिवाळी जवळ येत असताना गावाहून तार आली. आई अत्यवस्थ. सुमन रात्रीच्या एसटीने निघायचं म्हणत होती. दिगू म्हणाला, दिवाळीची गर्दी आहे, एसटीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही, पण बगळी एवढ्या लांब कधी गेलेली नाही, काय करू? माझ्याकडे बघून विचारलं त्याने.

मी म्हणालो, "आत्ताच आतून धुऊन काढलीय. नव्यासारखी झालीय. बिनधास्त जा."

मला कारखान्यातून रजा मिळाली नाही. उजाडताना दोघं भाऊबहीण निघाले. गाडीच्या नाकावर दसऱ्याच्या माळेतलं एक सुकलेलं फूल अजून अडकलेलं होतं.

कशेडी घाटात बगळी बंद पडली. आधी ठोके, मग मोठा आवाज. आतला दांडा तुटून इंजिनाला भगदाड पाडून बाहेर आला आणि भांड्यातलं सगळं तेल रस्त्यावर सांडलं. एका ट्रकवाल्याने थांबून तेल मोजायची पट्टी काढून बघितली. ती अर्थातच कोरडी. तो म्हणाला, "बिना ऑइल के चलाया क्या, भाई?" दुपार गेली, मग कुणाच्या तरी टेम्पोत, कुणाच्या तरी ट्रकमध्ये करत ते दुसऱ्या दिवशी गावाला पोचले. आई आदल्या दिवशीच गेली होती आणि गावकऱ्यांनी तिन्हीसांजेपर्यंत वाट बघितली होती. पुढे थांबवेना. सुमनला राख बघायला मिळाली, तीही गार व्हायला लागलेली.

काकी तिला म्हणाली, "वाट बघून बघून गेली गो. सारकी इचारी, माजा चेडू इला काय?"

आईचं हे 'माझी लेक आली का' सुमनने मला त्या वेळी एकदाच सांगितलं. मला ते रोज ऐकू येतं.

ट्रकवाल्याचा प्रश्नही तिने ऐकला होता.

बगळीला ओढत मुंबईला आणून साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये टाकलं. दिगू अजून गावी होता, दिवसकार्यासाठी. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, चेंबर मी खोलतो. "खोलो साब, मेरे को क्या," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला. गाडीखाली सरपटून मी बोल्ट काढले. जाळी दिसली. खरं तर जाळी दिसलीच नाही. तिच्यावर काळी खरवड बसली होती, दुधाच्या पातेल्याच्या तळाशी बसते तशी, एकही छिद्र मोकळं नाही.

मी काही ठरवून केलं नाही, हाताला सवय होती म्हणून झालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. ब्रश हातात घेण्याआधी मी दाराकडे बघितलं होतं. कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता. जाळी भिजवली, घासली, धुतली, फडक्याने कोरडी केली. माझ्या सगळ्या घरगुती सफाईत इतकं नीट काम मी कधी केलं नसेल.

दिवस उरकून दिगू परतला तो थेट गॅरेजमध्ये आला, वाकून बघितलं. "जाळी?"

"साफ आहे," मी म्हणालो.

तो थोडा वेळ जाळीकडे बघत राहिला. मग माझ्या हातांकडे. नखं काळी होती. पण माझी नखं नेहमीच काळी असायची. "मग तेलच संपलं असणार," तो म्हणाला. त्याला काही कळलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. कळून त्याने बहिणीच्या संसारासाठी गप्प बसायचं ठरवलं असेल, या विचाराने मी अजूनही झोपेतून उठतो. आणि कळलं नसेल, तर तेही बरं नाही.

सुतकात त्या वर्षीची भाऊबीज गेली. पुढच्या वर्षी संध्याकाळी दिगू साडी घेऊन मुलुंडला आला. मी दार उघडलं. सुमन आतून म्हणाली, "त्याला सांगा, माझं ओवाळून झालं."

"कुणाला?" मी विचारलं.

"चंद्राला."

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे आपल्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. दिगू चप्पल काढत होता, तसाच थांबला. आत येऊन बसला, पाणी प्यायला. "बरोबर आहे तिचं," म्हणाला. साडी टीपॉयवर ठेवून उठला. मी त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. फटाक्यांचा धूर होता, मुलं फुलबाज्या घेऊन धावत होती. बस येईना.

तो म्हणाला, "अरुण, एक विचारू? निघताना मी तेल बघितलं होतं ना रे? मला वाटतं, बघितलं होतं. पण आता खात्री वाटत नाही. रोज इतक्या वेळा आठवून बघितलंय की झिजून गेलंय ते. तू तिथेच होतास ना?"

मी म्हणालो, "नीट आठवत नाही रे."

जाळीबद्दल मी खोटं बोललो ते भीतीने. हे मात्र मी शांत डोक्याने बोललो. बस आली, तो चढला, खिडकीतून हात केला.

दिगूने पुन्हा गाडी चालवली नाही. बगळी भंगारात गेली, पण दुसरी गाडी मिळण्यासारखी होती. शेठने परत बोलावलंही होतं. तो म्हणाला, तेल न बघता निघणारा माणूस मी, लोकांची पोरं कशी नेऊ? मग तो एका शाळेच्या बसवर लागला, दार उघडायला आणि मुलांना उतरवून घ्यायला. रोज सकाळी बसच्या ड्रायव्हरला विचारायचा, "तेल बघितलंस का?" ड्रायव्हर वैतागायचे. पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि आमच्या दोन्ही घरांत ते वाक्य रूढ झालं. कुणी परीक्षेला निघो, सहलीला निघो, मुलगी बघायला निघो, पोरं एका सुरात म्हणायची, "तेल बघितलंस का?" आणि दिगू सगळ्यात मोठ्याने हसायचा. लग्नाकार्यांत सुमन त्याच्याशी बोलायची, वाढायची, त्याच्या आजारपणात डबाही न्यायची. फक्त भाऊबीजेला ती गॅलरीत जायची. बीजेचा चंद्र नखाएवढा असतो आणि लवकर मावळतो, म्हणून घाई असायची. काड्यापेटी मी धरायचो. घाटकोपरला तिचा भाऊ जिवंत असताना मी तिच्या निरांजनाला काडी लावून द्यायचो, दर वर्षी.

यंदा उन्हाळ्यात दिगू गेला. त्याच्या तेराव्याला जावई गाडी काढत होता, तेव्हा दिगूची मुलगी मनीषा दारातून म्हणाली, "अहो, तेल बघितलंत का? नाहीतर बाबांसारखं..." आणि तिला रडू आलं. सगळे हसत होते आणि रडत होते. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. झेंडूचाच हार. मला त्या खोलीत रॉकेलचा वास आला, इतका की मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

दसऱ्याच्या दुपारी मी सुमनला सगळं सांगितलं. ती आपट्याची पानं निवडत बसली होती. मध्ये एकदाही तिने मला थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "दादाला सांगितलंत हे कधी?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

पानं तशीच टाकून ती आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी जेवायला या, औषध घ्या, एवढंच बोलली. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. कदाचित ते इंजिन तसंही गेलं असतं, आई तसंही भेटली नसती, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी ते म्हणायचं नाही, एवढं मला कळतं.

काल भाऊबीज झाली. आमची कॉलनी पाडून टॉवर झाला त्याला बरीच वर्षं झाली. समोरही टॉवर आला, चंद्र त्याच्यामागेच मावळतो. तरी दर वर्षी सुमन गॅलरीच्या कोपऱ्यातून वाकून शोधायची. काल तिन्हीसांज झाली तशी मी सवयीने काड्यापेटी घेऊन उभा राहिलो. ताम्हन फडताळातच होतं.

"उशीर होईल," मी म्हणालो.

"दादा होता तेव्हा चंद्राला ओवाळलं," ती म्हणाली. "आता नाही ओवाळायचं."

बऱ्याच वेळाने ती माझ्या समोर येऊन बसली. म्हणाली, "लिहून काढा. मनीषाला मी वाचून दाखवीन. सगळ्या पोरांना. आणि गोलगोल लिहू नका, दादाने तेल बघितलं की नाही तेवढं नीट लिहा."

वर मी बरंच गोल लिहिलं आहे. ऊन, झेंडू, एरंडेल. जवळ जायला धीर होत नव्हता म्हणून लांबून आलो. आता नीट लिहितो.

उजाडलं होतं. बगळी बदामाच्या झाडाखाली उभी होती. सुमन पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, डोळे पुसत. तिला वर उचललेल्या बॉनेटमुळे पलीकडचं दिसत नव्हतं. दिगूने तेलाची पट्टी बाहेर काढली, खांद्यावरच्या फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली आणि उजेडाकडे धरली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं, मधाच्या रंगावर थोडीशी काळी झाक आलेलं. त्याने पट्टी माझ्यापुढे केली.

"बघ, भरलेलं आहे ना?"

मी म्हणालो, "हो. बघितलं."